न भागणारी तहान

आषाढ वद्य एकादशीच्या रात्री आमच्या गावी कीर्तन आटोपले, आरती झाली, आणि मंडळी टाळ-चिपळ्या आवरीत असता एका जुन्या वारकरी बुवांनी मला सर्वांदेखत विचारले, "काय मास्तर, यंदा कुत्र्यापायी वारी मोडली म्हणे?" चार माणसे हसली. मीही हसलो. पण घरी येऊन अंथरुणावर पडलो तो झोप येईना. प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नव्हता. एकवीस वर्षे अखंड चाललेली पायी वारी यंदा चुकली, आणि ती खरोखरच एका कुत्र्याच्या पिल्लापायी चुकली. बुवांना तिथे उत्तर देता आले नाही, ते इथे लिहून काढतो. माझा धंदा शिलाईचा, शास्त्र मला येत नाही. चुकत असेन तर जाणत्यांनी कान धरावा.

हकीगत अशी. गेल्या वर्षी वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला गेलो होतो. बोरी नदीच्या पात्रात ही यात्रा भरते, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. रथाच्या दुसऱ्या दिवशी दुकानांच्या मागे वाळूत एक दीड-दोन महिन्यांचे पिल्लू पडलेले नातवाने पाहिले आणि ते उचलून सदऱ्याच्या आत घातले. मी रागावलो. पण शेजारी बसलेली एक म्हातारी भाजीवाली म्हणाली, "जीव शे त्यालेबी, बाबा." यात्रेत उभा राहून त्यावर काय बोलणार? पिल्लू घरी आले. नाव मोत्या ठेवले.

मोत्या वाढेना. खायला घातलेले अर्धे ओकून टाकी. चालताना मागचे पाय ससा उड्या मारतो तसे एकदम टाकी, आणि बसला की उठताना कण्हत असे. आणि पाणी! वाटीभर ठेवा, चाटून पुसून रिकामी. पुन्हा भरा, पुन्हा रिकामी. मग घरभर ओल. शेजारच्यांनी सल्ला दिला, "रात्री पाणी ठेवूच नका, म्हणजे घर कोरडे राहील." सल्ला सोयीचा होता म्हणून मला पटला. एका रात्री वाटी उचलून फळीवर ठेवली. सकाळी पाहतो तो पिल्लू मोरीत पडलेले, जीभ कोरडी, मान धरवत नाही, आणि फरशीच्या ओलसर सांध्याला तोंड लावलेले. ती सकाळ मी विसरू शकत नाही. गुन्हा माझा होता आणि तो मी घर कोरडे राहावे म्हणून केला होता.

त्याच दिवशी पोतडीत घालून त्याला धुळ्याला नेले. आमचे गाव पारोळ्याकडे, जिल्हा जळगाव, पण धुळे आम्हांला जवळ. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, सोनोग्राफी केली आणि सांगितले की, याची दोन्ही मूत्रपिंडे आईच्या पोटातच नीट घडलेली नाहीत. मूत्रपिंडाचे काम रक्त गाळून घाण बाहेर टाकायचे आणि पाणी शरीरात राखायचे. याच्याकडून पाणी राखलेच जात नाही. जितके पितो तितके वाहून जाते, म्हणून तो पितो. पाणी तोडाल तर दोन दिवसांत जाईल. खुब्याचे सांधेही जन्मतःच सैल आहेत, मांडीचे हाड वाटीत बसत नाही. त्यात मूत्रपिंडे बिघडली की हाडांतला चुना झिजतो, म्हणजे दुखणे दुप्पट. बरे होणार नाही. सांभाळले तर काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षे.

मी विचारले, सांध्याच्या दुखण्यावर तरी काही गोळी? तेव्हा समजले की इथेच खरी गाठ आहे. सांधेदुखीवर जी नेहमीची औषधे देतात ती मूत्रपिंडाकडे जाणारे रक्तच कमी करतात. म्हणजे पायाला आराम द्यावा तर आत विष कालवावे लागते. माझ्या स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी चतकोर करून गुळात घालून द्यावी, असे आदल्या आठवड्यात माझ्या मनात येऊन गेले होते. कोणत्या पुण्याईने दिली नाही, कोण जाणे. दुसऱ्या जातीचे एक औषध बेताच्या मात्रेत मिळाले. बाकी शेक, मऊ अंथरूण आणि थोडे थोडे चालणे.

इथे गिधाडांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत. पुढे ती दिसेनाशी झाली. देशभर काही जातींची गिधाडे शंभरातून एखादे उरले, इतकी गेली. कारण २००४ साली उघड झाले. दुखऱ्या गुराढोरांना डायक्लोफिनॅक नावाचे औषध सर्रास दिले जाई. ते गुरू मेले की त्याचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. विचार करा, औषध देणाऱ्याच्या मनात दयाच होती. गायीचा पाय दुखतो म्हणून त्याने दिले, आणि आकाश रिकामे झाले. दया पुष्कळ आहे, पण कशाने काय होते हे विचारायची सवय आपल्याला नाही. भूतदया हा शब्द आपण कीर्तनात जितक्या सहज उच्चारतो तितकी ती सोपी नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो.

आपल्या संतांच्या कथांत मुकी जनावरे पुष्कळ आहेत. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. या कथा ऐकताना आजवर माझे डोळे कितीदा भरून आले असतील. पण मोत्याची वाटी दिवसातून वीस वेळा भरताना एक विचार मनात शिरला आणि तो निघेना. नाथांच्या गाढवाची तहान एका कावडीने भागली. ते उठून चालू लागले. समजा, ते गाढव दुसऱ्या दिवशीही तसेच पडले असते, तिसऱ्या दिवशीही? पाणी पाजताच वाहून गेले असते? कावड एकदा रिती करायला मन मोठे लागते हे खरे. रोज रिती करायला काय लागते, ते त्या कथेत आलेले नाही. नाथांनी रोजही पाजले असते याची मला शंका नाही. शंका आहे ती माझी.

कारण पहिल्या दिवशीची दया ही उमाळ्याची असते. तिला डोळ्यांत पाणी येते, लोक वाखाणतात. चाळिसाव्या दिवशी पहाटे तीन वाजता ओले गोणपाट बदलताना उमाळाबिमाळा काही नसतो. कंबर दुखत असते, क्वचित शिवीही तोंडात येते. दोनदा आली, लपवत नाही. मग ती दया नव्हे काय? मला वाटते, तिथूनच ती सुरू होते. आधी जे होते ते माझे मला बरे वाटणे होते.

"कुत्र्याचे प्रारब्ध आहे, भोगू द्या" असे सांगणारेही भेटले. त्यांतल्या एका गृहस्थांना मागे हिवताप आला होता, तेव्हा त्यांनी प्रारब्ध भोगत न बसता जळगाव गाठले होते. त्याचे दुखणे त्याच्या प्रारब्धात असेल, तर त्याची वाटी भरणे माझ्या प्रारब्धात नसेल कशावरून? पण दुसरा एक आक्षेप याहून जड आहे. औषधाला आणि सलाईनला जो पैसा जातो त्यात एखाद्या गरीब पोराची वह्या-पुस्तके झाली असती. याला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. तंबाखू सोडली, त्याचे पैसे तिकडे वळवले. तेवढ्याने हिशेब मिटत नाही हे मला कळते.

धुळ्याला जाता-येता आणखी एक गोष्ट मनात घोळे. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आशा सोडून कर्म करावे, हे त्यांत परोपरीने समजावलेले आहे. मला वाटे, आपले काम सोपे आहे, इथे फळ मिळायचेच नाही. जे मिळणारच नाही त्याचा त्याग करायला काय लागते? पण तसे नाही हो! रोज सकाळी तो स्वतःच्या पायांवर उठला की मनात येतेच, डॉक्टर चुकले असतील. आशा इतकी चिवट असते.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दुसरा मार्गही सांगितला होता. इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे सोडवता येईल. माळकऱ्याने यावर काय म्हणावे? ऐकताक्षणी मी कानांवर हात ठेवले. पण पुढे १९२८ सालची साबरमतीची गोष्ट वाचण्यात आली. आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, कूस बदलणेही त्याला सोसत नव्हते. गांधीजींनी विचारान्ती डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववले. देशभर केवढा गहजब झाला! अहिंसेचा उपासक गोवत्साची हत्या करतो म्हणून पत्रांचा पाऊस पडला. ते डगमगले नाहीत. मात्र त्यांनी घातलेल्या अटी फारसे कोणी ध्यानात घेत नाही. रोग असाध्य हवा, जगण्याची आशा सर्वांनी सोडलेली हवी, आणि त्या जीवाला उपयोगी पडेल अशी कसलीही सेवा करण्याजोगी उरलेली नसावी. या शेवटच्या अटीपाशी मी थांबलो. मोत्याची सेवा अजून उरली आहे. तो खातो, दार वाजले की शेपूट हलवतो, नातवाच्या पायांशी झोपतो. म्हणून तो आहे.

पण कानांवरचे हात मी काढले आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री खूण करतो. बऱ्या दिवसाला गोल, वाईट दिवसाला फुली. फुल्या गोलांहून जास्त झाल्या की धुळ्याला जायचे, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले आहे. मला रडू आवरत नाही म्हणून त्याला तळमळत ठेवणे ही भूतदया नव्हे, तो माझा मोह. आणि गोणपाट बदलायचा कंटाळा आला म्हणून त्याला सोडवणे हीही दया नव्हे. दोन्हींतले कोणते माझ्या मनात आहे ते माझे मलाही नेहमी कळत नाही, म्हणून त्या खुणा.

आता वारी. संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड करीत पंढरीला पोचते. महिनाभराची वाट. यंदा दिवस जवळ आले तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. मोत्याला रोज खांद्याजवळच्या सैल कातडीखाली सलाईन द्यावे लागते. सुई टोचणे मी डॉक्टरांकडून शिकून घेतले आहे. बाटली भजनाचा वीणा टांगतो त्या खुंटीला अडकवतो. घरात दुसऱ्या कोणाचा हात त्याला धजत नाही. उभा करायचा तर पोटाखालून जुन्या उपरण्याचा झोळणा घालून उचलावा लागतो. तो झोळणा मीच शिवला. त्यातच निर्जला एकादशी आली. वैशाख-ज्येष्ठात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्याची धग अजून सरली नव्हती. दिवसभर पाण्यावाचून राहिलो आणि तिसऱ्या प्रहरी, माझी जीभ टाळूला चिकटली असता, त्याची वाटी भरली. उद्या माझी तहान सुटणार होती.

त्या रात्री पत्नीला म्हणालो, "काय करावे? पुंडलिकानेही देवाला वीट देऊन थांबवलेच ना!" ही सबब मला फार आवडली होती. ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "त्याने आईबापासाठी थांबवलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तुमच्या आईला नऊ वर्षं अंथरुणावरून उठवलं-बसवलं, तेव्हा तुम्ही वारीलाच असायचे."

शब्दाला धार नव्हती. सहज बोलली. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. एकवीस वाऱ्या मी मोजून सांगत होतो. त्यांतल्या नऊ वाऱ्यांच्या वेळी माझ्या जन्मदात्रीचे ओले अंथरूण कोण बदलत होते, हे कधी मोजले नव्हते. आई गेल्यावर नातवंडे आली, शेळी आली, दर वर्षी काहीतरी होतेच. घरी कोणीतरी राहायचे म्हणजे तिने राहायचे, हे इतके ठरलेले की कधी बोलावेसुद्धा लागले नाही. पंढरीच्या वाटेवर मी पुंडलिकाचे नाव घेत चालत होतो, आणि त्याचे काम माझ्या घरात चालू होते.

मी म्हणालो, "यंदा तू जा."

तिला वाटले, थट्टा करतो. मग म्हणाली, "लोक काय म्हणतील? बाई वारीला आणि बाप्या कुत्र्याजवळ!" लोक काय म्हणाले ते बुवांनी एकादशीला सांगितलेच. गावातल्या चार बायका दिंडीत होत्या, त्यांच्यासोबत ती गेली. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत गेलेली तिची पाठ मी पाहिली. तेव्हा मला वारी चुकल्याचे दुःख झाले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. फार झाले. आषाढी एकादशीला दिवसभर पंढरीकडे तोंड करून बसलो होतो, मधूनमधून वाटी भरीत.

कोणी म्हणेल, शेवटी कुत्र्याच्या रूपाने देवच आला होता. धर्मराजाच्या मागून स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा अखेर धर्म निघाला, तशी कथा आहे खरी. मोत्या तसा काही निघायचा नाही. तो कुत्राच आहे. परवा त्याने माझ्या गिऱ्हाइकाची चप्पल कुरतडली.

पंढरीहून ती एस.टी.ने परतली. बरोबर बुक्का, चुरमुरे, नातवाला टाळांची लहानशी जोडी. वारीहून आलेल्याचे पाय धुवायचे ही आमच्या घरची रीत. आजवर माझे धुतले जात. यंदा मी उंबऱ्याशी परात ठेवली, तांब्या घेऊन बसलो. ती संकोचून म्हणाली, "अहो, नका." मी पाणी ओतले. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. एवढ्यात मोत्या झोळण्याशिवायच फरफटत आला आणि परातीत तोंड घालून लपलप पिऊ लागला. तिने पाय मागे घेतले.

"पिऊ द्या त्याला आधी," ती म्हणाली.

मी तांब्या पुन्हा भरून आणायला उठलो.