दान देणाऱ्याचे मन

मानवी देहाला आपपरभाव असतो. एकाची त्वचा दुसऱ्याच्या जखमेवर बसवली, तर ती काही दिवस तग धरते. मग देह तिला नाकारतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे बारकाईने अभ्यासले. त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली, तेव्हा ती पहिलीपेक्षा लवकर गळून पडली. जणू देहाने परक्याची आठवण ठेवली होती.

एकरूप जुळ्यांमध्ये हा अडसर नसतो. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रॉनल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवले. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. निरोगी माणसावर, त्याच्या स्वतःच्या देहाला काहीच लाभ नसलेली शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न श्रद्धावंत कॅथलिक असलेल्या मरे यांच्यापुढे होता. आधी विविध पंथांच्या धर्मगुरूंशी विचारविनिमय झाला, मगच शस्त्रक्रिया झाली. पुढे औषधांनी देहाचा विरोध मंदावता येऊ लागला आणि जुळे नसलेल्यांनाही अवयव देता-घेता येऊ लागले.

ईशज्ञानाच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न सोपा गेला नाही. संपूर्ण देह वाचावा म्हणून त्याचा रोगट भाग कापावा, हे परंपरेला मान्य होते. परंतु धडधाकट अवयव दुसऱ्यासाठी काढणे म्हणजे देवाने दिलेल्या देहाची मोडतोड नव्हे काय? बर्ट कनिंगहॅम या अमेरिकन धर्मगुरूने १९४४ साली आपल्या प्रबंधात अशा दानाचे समर्थन केले. पुढे शेजारप्रीती हाच त्याचा खरा आधार मानला गेला. १९९५ च्या ‘इव्हान्जेलियम व्हिते’ या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी अवयवदानाची गणना रोजच्या जीवनातील वीरवृत्तीत केली. परंतु ते नीतीला धरून असावे, ही अटही घातली. २००० साली रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे बोलताना त्यांनी अवयवांचा व्यापार त्याज्य ठरवला आणि दात्याची जाणती, मोकळी संमती आवश्यक मानली.

व्यापाराविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. पैशाचे दडपण कायद्याला हुडकून काढता येते. मायेच्या नावाने घरात येणारे दडपण मात्र कागदावर उमटत नाही. १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांवर झाली आणि ६,९४५ स्त्रियांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच अधिक आहेत. याची कारणे अनेक असतील. तरीही ‘हिनेच द्यावे’ असे न बोलता ठरवून टाकणारी आपली घरे या आकड्यांत कोठेच नाहीत, असे म्हणवेल काय?

यावर कोणी म्हणेल, आई आपल्या लेकरासाठी देताना निवड करीतच नाही; तिला दुसरे काही सुचतच नाही. तिचे देणे मग दान नव्हे काय? ते अवश्य दान आहे. प्रेमाची ओढ ही सक्ती नव्हे. सक्ती तेथे असते, जेथे ‘नाही’ म्हटल्यास माणसाला घरातले स्थान गमवावे लागेल. उत्तम मेंढपाळाविषयी संत योहानाच्या शुभवर्तमानात जे सांगितले आहे, त्याचा गाभा हाच की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही. तो स्वतः होऊन देतो. कालव्हरीवरील यज्ञाला मोल आहे ते या स्वेच्छेमुळे. सून, पत्नी किंवा धाकटी बहीण यांच्याकडून आपण जे मागतो, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून दात्याशी एकांतात बोलणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. त्या व्यक्तीचे मन नसेल, तर कुटुंबाला एवढेच सांगावे की ही व्यक्ती दाता होऊ शकत नाही. यात असत्य नाही. ज्याचे मन राजी नाही तो दाता खरोखरच होऊ शकत नाही आणि कारण विचारण्याचा हक्क कोणालाही नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आणखी एक गोष्ट करता येईल. मेंदूमृत्यूनंतर आपले अवयव द्यावेत, ही इच्छा जिवंतपणीच घरच्यांना सांगून ठेवावी. कारण त्या प्रसंगी संमती त्यांनाच द्यावी लागते. मरणोत्तर दाने वाढली, तर घरातल्या एखाद्या अबोल स्त्रीकडे वळणाऱ्या नजरा कमी होतील. आणि तरीही ती पुढे आलीच, तर ‘तुला नको असेल तर आम्हाला तू तितकीच प्रिय आहेस’ हे शब्द तिला आधी ऐकू आले पाहिजेत. त्यानंतर ती जे देईल, ते कृतज्ञतेने स्वीकारावे.