पथ्य एकट्याचं नसतं

लठ्ठपणाच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी विचारल्या जातात: खर्च किती आला आणि वजन किती उतरलं. ढाणकीसारख्या गावात हे दोन्ही आकडे बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होतात. खावंसं वाटतं का, आणि वाटलं तर काय करता, हे कुणी विचारत नाही. सकाळी उठून कामाला लागण्याइतकं बळ अंगात आहे का, हेही नाही. ज्याच्या पोटावर ऑपरेशन झालं, त्याचे दिवस मात्र या दोन प्रश्नांशीच झुंजण्यात जातात. जीभ ओढ घेते आणि अंग साथ देत नाही. घरचे लोक, आणि बरेचदा तो माणूस स्वतःही, या दोन्ही गोष्टी स्वभावाच्या खात्यावर टाकतात: जिभेवर ताबा नाही, अंगात आळस भरलाय. मला हा निवाडा चुकीचा वाटतो आणि क्रूरही.

ढाणकी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. मोठ्या दवाखान्याचं काम निघालं की माणसं नांदेडला जातात, नाहीतर नागपूर किंवा हैदराबाद गाठतात. नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा विदर्भातल्या पुष्कळांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आज ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागलं आहे. रुग्ण तिकडे जातो, काही दिवसांत टाके आणि एक फाईल घेऊन परत येतो. सर्जनचं काम तिथे बहुतेक संपलेलं असतं. पुढचं सगळं, म्हणजे खरं तर सगळ्यात लांबचं काम, ढाणकीच्या स्वयंपाकघरात व्हायचं असतं.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच काढलेल्या वरच्या भागात तयार होतं. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. म्हणून पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. अनेकांना गोड नकोसं होतं, तेलाचा वास सहन होत नाही. घरात आनंदीआनंद असतो. पण वर्ष-दीड वर्षात भूक हळूहळू परतते, आणि तिच्याबरोबर जुन्या चवींची ओढही. त्या क्षणी माणसाला वाटतं, ऑपरेशन वाया गेलं, मीच पुन्हा घसरलो. वास्तविक तेव्हा शरीर आपलं जुनं काम करत असतं. गमावलेलं वजन परत मिळवण्याची त्याची धडपड फार जुनी आहे.

ही धडपड किती खोल असते, याचा एक पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वासाठी नकार दिलेली ही मुलं, म्हणजे मनोनिग्रहात कुणाला हार जाणारी नव्हेत. त्यांना २४ आठवडे जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे चौथाईने उतरवलं. ही मुलं दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागली. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटं चाटू लागले. जिना चढताना थकू लागले, उगाच चिडू लागले, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. त्यांचं चारित्र्य सहा महिन्यांत बिघडलं, असं कोण म्हणेल? ऑपरेशननंतरची स्थिती तंतोतंत अशी नसते. आतड्यातून येणारे तृप्तीचे संदेश वाढतात, म्हणून तर नुसत्या उपाशी राहण्यापेक्षा हा उपचार अधिक टिकतो. पण धडा तोच आहे. अन्न कमी पडलं की ओढ आणि थकवा दोन्ही येतात, आणि ते भल्याभल्या निश्चयी माणसालाही चुकत नाहीत.

यात आपल्याला परकं असं काही नाही. इच्छा आणि थकवा यांच्याशी शहाणपणाने कसं वागायचं, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बाई गरोदर असली की तिला काय खावंसं वाटतं, हे घरातली थोरली बाई आपणहून विचारते. चिंच मागितली तर कुणी तिला अधाशी म्हणत नाही. उलट ओटी भरून, शेजारणी बोलावून डोहाळजेवण करतात. बाळंत झाली की सव्वा महिना तिला उठू देत नाहीत. डिंकाचे, अळिवाचे लाडू, शेकशेगडी, तेल-मालिश. त्या दिवसांत ती पडून राहिली तर तिला आळशी म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. म्हणजे शरीरात मोठा बदल होत असताना माणसाची ओढ आणि थकवा घराने वाटून घ्यायचा असतो, हे आपण मानतो. मग त्याच घरात, पोटावर शस्त्र चालून आलेल्या माणसाला ही मुभा का नसावी? तुलना एका ठिकाणी थांबते, हेही खरं. डोहाळे पुरवायचे असतात; ही ओढ दर वेळी पुरवता येणार नाही. पण विचारायला, ऐकून घ्यायला आणि तिच्यामागचं कारण शोधायला कुणाची हरकत असावी?

कारण शोधलं तर ओढ एका जातीची नसते, हे कळतं. लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्याचे दिवस, मांडवात पंखे फिरताहेत, पत्रावळींवर पुरी-भाजी, वरण-भात, बुंदी. ऑपरेशन झालेली एक काकू वाटीत चार चमचे वरण घेऊन बसली आहे. वाढपी पोरगा बुंदीची बादली घेऊन तिच्यापाशी थांबतो. "घ्या न काकू, एकानं काय होते!" ती नको म्हणते. पलीकडची जाऊ म्हणते, "लग्नाचं आहे, नाही म्हणू नये." ती मूठभर बुंदी घेते, खातेही. अर्ध्या तासाच्या आत तिला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते आणि भर मांडवात आडवं व्हावं लागतं. गोड झपाट्याने लहान आतड्यात उतरलं की असं होतं. जठराचा बायपास हे दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास विशेष, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतो. तिला बुंदीची भूक नव्हती. तिला पंगतीतून उठायचं नव्हतं. आपल्याकडे आग्रहाने माया मोजतात आणि नकाराने अपमान. तेव्हा इथे ताबा कुणाचा सुटला? तिच्या जिभेचा की भोवतालच्या माणसांच्या आग्रहाचा?

दुसरी ओढ साखरेच्या चढउताराची. काही जणांना गोड किंवा नुसता भात-पोळी खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खूप खाली जाते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुन्हा गोडच हवंसं वाटतं. तोंडात पेढा टाकला की बरं वाटतं, आणि दोन-तीन तासांनी तेच चक्र फिरून सुरू होतं. त्या वेळी साखर लागतेच, ती नाकारू नये. पण चक्र तोडायचं असेल तर आधीच्या जेवणात गोड आणि पिष्ट कमी करून अंडं, मूग, दही वाढवावं लागतं. इथे उपदेशाचा काही उपयोग नाही, ताटाची मांडणी बदलावी लागते.

तिसरी ओढ सगळ्यांत बोलकी. काहींना बर्फ चावावासा वाटतो, कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. खेड्यातल्या बायकांना हे नवं नाही. लाजेने त्या लपवतात एवढंच. बरेचदा हे लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. तेच लोह कमी असलं की जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागते. ज्या दोन गोष्टींना आपण हावरेपणा आणि आळस अशी वेगवेगळी नावं ठेवतो, त्यांचं मूळ असं कधी कधी एकच असतं, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतं.

लोह अंगी लागायला जठरातलं आम्ल आणि लहान आतड्याची सुरुवातीची वाट, दोन्ही लागतात. बायपासमध्ये ती वाटच वगळली जाते. स्लीव्हमध्ये आम्ल घटतं. बी-१२ शोषायला लागणारा घटकही जठरातूनच येतो. म्हणून गोळ्या आणि इंजेक्शनं काही महिन्यांची नसतात, जन्मभराची असतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं गेलं आहे. म्हणजे आपल्याकडची बाई ऑपरेशनच्या टेबलावर बहुधा आधीच तुटीत असते. त्यावर लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर ती घेऊन न घेतल्यासारखीच. दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, हे एक वाक्य सोप्या मराठीत कुणी समजावून सांगितलं असतं, तर किती जणींचा थकवा कमी झाला असता.

थकव्याचा दुसरा हिशेब प्रथिनांचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं सांगतात. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच. पण एका वेळी पोटात मावतं अर्धी वाटी. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं लागतं, आणि प्रत्येक वेळी आधी प्रथिनं, मग भाजी, उरलेल्या जागेत भाकरी. ताजी पोळी आणि भात अनेकांना अडकतात. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, सावकाश चावून जाते. आमच्या शिवारात खरिपात कपाशीबरोबर सोयाबीन उभं असतं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं. ते सगळं पोत्यांत भरून बाजार समितीत जातं, तेलगिरणीत जातं, आणि ते पिकवणाऱ्या घरात ऑपरेशन झालेली बाई प्रथिनं कमी पडून केस गळतात म्हणून रडते. शिजवलेल्या सोयावड्या, मोड आलेले मूग-मटकी, उकडलेली अंडी, घट्ट दही हा आहार ढाणकीत मिळतो. आहाराच्या छापील कागदावर त्याची नावं नसतात, ओट्स आणि ब्रोकोली असते, म्हणून तो कागद फाईलमध्येच राहतो.

आणि पाणी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ऑपरेशननंतर गटागट पाणी पिता येत नाही, जेवताना प्यायचं नसतं, जेवल्यावरही अर्धा तास थांबायचं असतं. मग दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी जायचं कसं? बाटली सतत जवळ ठेवून, घोट घोट करूनच. पहिल्या महिन्यांतली डोकेदुखी आणि गळाठा पुष्कळदा नुसत्या पाण्याच्या कमतरतेचा असतो. उन्हात शेतावर जाणाऱ्या माणसाला हे पाळणं किती कठीण, याचा विचार शहरात बसून लिहिलेल्या सूचनांत नसतो. सर्जन सांगतात, काही आठवडे जड काम नको. वेचणीला जाणारी बाई विचारते, मग रोज कोण देणार? विश्रांती हा सल्ला आहे खरा, पण त्याला पैसे पडतात. खर्चाचा अंदाज घेताना ऑपरेशनच्या रकमेत बुडालेल्या मजुरीचे दिवस धरायलाच हवेत.

दोन गोष्टींत मात्र घरातलं शहाणपण पुरणार नाही. सतत उलट्या होत असतील, पाय बधिर पडत असतील, डोळ्यांना दोन दोन दिसत असेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर ते थायामिन, म्हणजे बी-१, संपल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याला तास मोजून उपचार लागतात. आणि दारू. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती फार लवकर चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तो अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. खाण्यातून मिळणारा दिलासा बंद झाला की मन दुसरा दिलासा शोधतं. ज्या यवतमाळ जिल्ह्यात बायका दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, तिथे ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी, घरच्यांना समोर बसवून सांगितली पाहिजे.

मग करायचं काय? दवाखान्यांनी रुग्णाला सोडताना ज्वारी, मूग, अंडी, ताक यांच्या भाषेत लिहिलेला कागद द्यावा आणि पहिल्या भेटीत स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही बोलवावं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या दर काही महिन्यांनी व्हाव्यात. त्यासाठी उमरखेडला रक्त देऊन अहवाल फोनवर पाठवता आला तर प्रत्येक वेळी नांदेडची फेरी पडणार नाही. गावातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना या रुग्णांची माहिती असावी. घरच्यांनी एवढंच करावं: ओढ लागली की ओरडण्याआधी विचारावं. शेवटचं काय आणि कधी खाल्लं, पाणी किती प्यालीस, रात्री झोप लागली का? या तीन प्रश्नांत निम्मी उत्तरं मिळतात. उरलेल्या निम्म्यात दुःख असतं, आणि ते खरं असतं. आयुष्यभर ज्या ताटाने आनंद दिला, ते ताट कायमचं लहान झालं आहे. त्याबद्दल वाईट वाटणं म्हणजे हाव नव्हे.

ऑपरेशन जठर लहान करतं. घराच्या सवयी, पंगतीचा आग्रह, शेतातलं ऊन आणि मजुरीची निकड यांवर सर्जनची कात्री चालत नाही. हे सगळं एका माणसाने आपल्या निश्चयाच्या जोरावर पेलावं आणि पेललं नाही तर शरमेने मान खाली घालावी, ही अपेक्षाच चूक आहे. ज्या घरात ऑपरेशनसाठी पैसे जमवताना सगळे एकत्र बसले, त्या घराने पथ्यासाठीही एकत्र बसावं. आणि वजन पुन्हा थोडं वाढलं, तर पहिला प्रश्न रुग्णाला विचारण्याऐवजी घराने आणि दवाखान्याने स्वतःला विचारावा: आपण सोबत कुठे सोडली?