आपल्या वाट्याचे कागद



आजच्या चिंतनाला तुकोबारायांचा धनावरचा अभंग घेतलाय. पाठ सर्वांना आहेच. सरळ व्यवहाराने पैसा जोडावा आणि त्यात जीव न गुंतवता तो खर्चावा, असा त्याचा भाव. महाराज पैसा जोडू नका म्हणत नाहीत, हे ध्यानात घ्या.

ते स्वतः देहूच्या सावकारी घरातले. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण चरित्रात एक गोष्ट आणखी सांगतात. आधी त्यांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कागद धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे.

मी माजरीचा. कोळसा खाणीत नोकरी करून साठाव्या वर्षी निवृत्त झालो. त्याच पगारावर पोरं शिकली, घर उभं राहिलं. मग पैशाला वाईट कशाला म्हणू? फंडाचे पैसे बँकेत टाकले, म्हातारपणाची सोय झाली. पासबुक पेटीत ठेवायला गेलो तर तळाशी एक चिठ्ठी सापडली. चार वर्षांपूर्वी पोरीच्या लग्नाला धाकट्या भावानं चाळीस हजार नेले होते, त्याची. तेव्हापासून तो ना पोळ्याला आला, ना दिवाळीला. वणी काही लांब नाही इथून. पण मी दोनदा पैशाचं विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही.

म्हटलं, फाडून टाकू. बायको म्हणाली, "तुमचे तीस फाडा. दहा माहे शिलाईचे आहेत, ते मले पायजेत."

आधी राग आला. मग कान्होबाचे कागद आठवले. तिनं रात्र रात्र मशीन चालवून जमवलेले पैसे मी उदार होऊन सोडणार, आणि पुण्य माझ्या नावावर? दान आपल्या वाट्यातलंच करावं. दुसऱ्याच्या वाट्यातलं दिलं, तर तो नुसता मोठेपणा.

भावाला बायकोच्या फोनवरून फोन लावला. म्हटलं, "माझे तीस सोडले. वहिनीचे दहा जमेल तसे दे." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनीचे देतो जी दादा." आणि माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

तो अजून आलेला नाही. पण परवा रात्री चार वर्षांनी मला शांत झोप लागली. तीस हजारात याहून मोठं काय विकत घेतलं असतं?

माऊली, आज आपणही आपली पेटी उघडून पाहू या. गरजेपुरतं जपून ठेवू, ज्याचं त्याला देऊ, आणि ज्या कागदापायी माणूस तुटला असेल, त्यातला आपला वाटा सोडून देऊ.

पांडुरंगा, हात सैल ठेव रे बाबा.

राम कृष्ण हरी.