श्रद्धा आणि दुराग्रह



श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात भूमंडलाचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगितला आहे. मध्ये मेरू, त्याभोवती जंबुद्वीप, आणि पुढे एकापुढे एक वलयाकार समुद्र व द्वीपे. उलटपक्षी भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, तेव्हा पृथ्वी गोल असून तिचा परीघ ४९६७ योजने आहे असे लिहिले. आपल्या मंदिरात पुराणही वाचले जाते आणि पंचांगही. पंचांगातील चंद्रग्रहणाचा स्पर्श व मोक्ष गोल पृथ्वीची छाया धरूनच काढलेले असतात, हे ग्रहणस्नान करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते, कोण जाणे!

पृथ्वी सपाट आहे असे डोळ्यांना दिसते, यात डोळ्यांचा अपराध नाही. भास्कराचार्यांनी याचे कारण मोठ्या सहानुभूतीने सांगितले आहे. परिघाचा शतांश घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी अतिविशाल आणि तिच्या पाठीवर उभा असलेला माणूस अगदी लहान. म्हणून ती सगळी त्याला सपाट वाटते. त्यांच्या पूर्वी लल्लाचार्यांनी आणखी साधा प्रश्न केला होता : भूमी सपाट असेल, तर दूर अंतरावरचे ताडासारखे उंच वृक्ष आपणांस का दिसत नाहीत? या प्रश्नाला वेध नको, यंत्र नको. मोकळ्या माळावर उभे राहावे आणि पाहावे.

तेव्हा अज्ञानाचा उलगडा सोपा आहे. खरे कोडे पुढे आहे. प्रमाण समोर आणून ठेवल्यावरही माणूस ते का नाकारतो?

इंग्लंडात १८७० साली जॉन हॅम्डन नावाच्या गृहस्थाने पृथ्वी गोल असल्याचे दाखवून देणाऱ्यास पाचशे पौंडांची पैज लावली. पृथ्वी सपाट आहे हे बायबलचे वचन आहे, अशी त्याची समजूत होती. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती पैज स्वीकारली. बेडफर्डच्या सरळ कालव्यावर सहा मैलांचे अंतर घेतले. एका टोकाच्या पुलावर दुर्बीण, दुसऱ्या टोकाच्या पुलावर खूण आणि बरोबर मध्ये एक खांब, ही तिन्ही पाण्यापासून सारख्या उंचीवर. पृथ्वी सपाट असती तर तिन्ही एका रेषेत दिसावयास हवी होती. मधली खूण सुमारे पाच फूट वर दिसली. गणिताने जेवढी दिसावयास हवी तेवढीच. निर्णय वॉलेस यांच्या बाजूने झाला.

मला या कथेतील एक बारीकशी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉलेस यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, हॅम्डनने त्या दिवशी दुर्बिणीतून पाहण्याचेच नाकारले! माझ्या वतीने माझा पंच पाहील, असे तो म्हणाला. आणि पंचही त्याच्याच मताचा निवडलेला होता. पुढे कित्येक वर्षे त्याने वॉलेस यांची निंदा चालविली, त्यांच्या पत्नीस धमकीचे पत्र लिहिले, त्यापायी कारावासही भोगला. मत मात्र बदलले नाही.

असे मत आजही आहे. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या एका अमेरिकन माहितीपटात सपाट पृथ्वी मानणारी मंडळी वीस हजार डॉलरचे नाजूक यंत्र आणून पृथ्वी फिरते की नाही हे तपासताना दिसतात. यंत्राने ताशी पंधरा अंशांची गती दाखविली. मंडळींनी मत सोडले नाही. यंत्रावर कोणत्या तरी बाह्य शक्तीचा परिणाम होत असावा असे ठरविले आणि ती शक्ती अडविण्याच्या उद्योगाला लागली. ही माणसे मूर्ख नव्हेत. यंत्र जुळविण्याची बुद्धी त्यांच्यापाशी होती. परंतु मित्र, मान आणि स्वतःची ओळख हे सर्व त्या एका मताला बांधून बसल्यावर मत सोडणे म्हणजे घर सोडणे होते.

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात तामस ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. जे एकाच कार्याला तेच सर्वस्व असल्याप्रमाणे चिकटते, ज्याला हेतूचा आधार नाही, तत्त्वाशी संबंध नाही आणि जे अल्प आहे, ते तामस. तेथे ‘कृत्स्न’ हा शब्द आला आहे, आणि भास्कराचार्यांच्या ज्या श्लोकाचा आशय वर दिला त्यातही ‘कृत्स्न’ हाच शब्द आहे. एका शतांशाला सगळी पृथ्वी समजणे आणि एका तुकड्याला सगळे सत्य समजणे, या दोहोंची जात एकच. भेद इतकाच की पहिली चूक डोळ्यांची आहे, दुसरीला अहंकार जडला आहे. पहिली लल्लाचार्यांच्या ताडवृक्षाने जाते. दुसरी दुर्बिणीलाही हार जात नाही.

आता आपल्या माळव्याकडे वळू. भोपाळजवळच्या सिहोर येथे १८३६ साली सुबाजी बापू या ज्योतिष्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला, तोही मराठीत. पौराणिक भूगोल गणिताला उतरत नाही, सिद्धान्ताचा भूगोल उतरतो, असे त्यांनी शास्त्रीमंडळीत उघडपणे मांडले. ज्या समाजात राहावयाचे, त्याच समाजात हे बोलण्यास धैर्य लागते.

मग पुराण खोटे काय? ही शंका घेऊन कित्येक तरुण मंदिरापासून दूर जातात. आणि कित्येक वडीलधारी माणसे त्यांना “श्रद्धा ठेव, विचारू नकोस” असे सांगून ते अंतर वाढवितात. पहिल्याइतकीच दुसऱ्याचीही मला चिंता वाटते. राजा परीक्षिताचा प्रश्न काय होता, तो पाहावा. भगवंताच्या या स्थूल रूपावर मन स्थिर झाले तर ते पुढे सूक्ष्मावर स्थिर होऊ शकते, म्हणून विस्तार सांगा, असे तो म्हणतो. आणि शुकाचार्य आरंभीच सांगतात की, या विभूतीचा अंत देवांच्या आयुष्यानेही लागणार नाही. मुख्य तेवढे सांगतो. जमीन मोजण्याची साखळी त्यांच्या हाती कोणी दिली? ती आपणच दिली. मेरू ध्यानासाठी आहे. त्याला पैजेवर लावणारा भक्त हॅम्डनच्या पंक्तीत बसतो, आणि पैज हरली की जे गमावते ते पाचशे पौंड नसते. त्याच्या मुलाची मंदिरावरची श्रद्धा असते.

येत्या एकादशीपासून सायंपूजेनंतर पंचम स्कंधाचा सोळावा अध्याय वाचावयास घेत आहोत. मुलांना अवश्य आणावे. वाचनानंतर अर्धा घटका प्रश्नांसाठी राखून ठेविली आहे, आणि पोथीशेजारी पंचांगही मांडलेले असेल.