'उद्या करू' : एका सवयीचा हिशेब



कुरआनची १०३ वी सूरह 'अल-अस्र' अवघ्या तीन आयतींची आहे. तीत अल्लाहने काळाची शपथ घेऊन माणूस तोट्यात असल्याचे सांगितले आणि या तोट्यातून कोण वाचतात तेही स्पष्ट केले : जे श्रद्धा बाळगतात, सत्कर्मे करतात, एकमेकांना सत्याचा आणि धैर्याचा उपदेश करतात. तोटा हा व्यापारातला शब्द आहे. दुकानदाराचा माल आज विकला गेला नाही तर तो फळीवर पडून राहतो. उद्या गिऱ्हाईक येईल अशी आशा तरी असते. माणसाचे भांडवल मात्र त्याचे आयुष्य आहे आणि ते वापरले तरी, न वापरले तरी, सूर्यास्तापर्यंत एका दिवसाने कमी होतेच.

या भांडवलाचा सर्वांत मोठा भाग पापात जात नाही, 'उद्या करू' म्हणण्यात जातो. इस्लामी विद्वानांनी या सवयीला 'तस्वीफ' म्हटले आहे. अरबीत भविष्यकाळ दाखविण्यासाठी क्रियापदाआधी 'सौफ' हा शब्द लावतात. जो प्रत्येक सत्कर्माआधी 'सौफ' लावतो, त्याचा आजार तस्वीफ. हा रोगी सत्कर्माला नकार देत नाही, म्हणूनच त्याला आपला रोग कळत नाही. सैतानही त्याला नमाज सोड असे सांगत नाही. फक्त पुढच्या शुक्रवारपासून सुरू कर, असे सुचवितो.

वाफसा कुणासाठी थांबत नाही

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेचा. येथील शेतकऱ्याला काळाची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. रब्बीची ज्वारी पेरायची ती साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. फार लवकर पेरली तर खोडमाशी लागते, उशीर झाला तर जमिनीतली ओल उडून जाते. पाऊस उघडल्यावर रान ना चिखल ना कोरडे अशा वाफशावर येते, तो काळ मोजक्या दिवसांचा असतो. हलक्या जमिनीत तर तो आणखी कमी. त्या दिवसांत कुणाकडे लग्न असो की पाहुणे, पाभर रानात जातेच. बियाणे घरात आहे, बैल किंवा ट्रॅक्टर दारात आहे, अंगात ताकद आहे. तरीही वाफसा निघून गेला तर यातले काहीही उपयोगी पडत नाही.

याच तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गाडी आली की पहाटेच्या अंधारातही संसार भरून निघावेच लागते. 'परवा येतो' असे तेथे चालत नाही. विचार करा, वाचकहो : पोटासाठी आपण किती वक्तशीर असतो! ज्याची उचल घेतली त्या मुकादमाला आपण उद्याची तारीख देत नाही. ज्याने डोळे, हात, श्वास आणि आयुष्य उचलीसारखे आधीच दिले, त्या अल्लाहला मात्र रोज नवी तारीख देतो.

दोन उंट असलेला माणूस

या विषयावर हदीस-ग्रंथांत हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या प्रसंगाइतका बोलका प्रसंग क्वचितच सापडेल. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तो त्यांच्याच तोंडून आलेला आहे. हिजरी सन ९ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तबूकच्या मोहिमेची घोषणा केली. उन्हाळा कडक होता, मार्ग लांबचा होता आणि मदीनेत फळे पिकून सावल्या सुखद झाल्या होत्या. कअब (रजि.) सांगतात की, त्या काळाइतके सशक्त व संपन्न ते पूर्वी कधीच नव्हते. एरवी त्यांच्याकडे एकावेळी दोन सवारीची जनावरे कधी नसत. या वेळी ती होती.

रोज सकाळी ते तयारीसाठी घराबाहेर पडत आणि काहीही न करता परत येत. मनाशी म्हणत की आपण केव्हाही तयारी करू शकतो. असे दिवस जात राहिले आणि एका सकाळी सैन्य निघून गेले. तरीही त्यांना वाटले, एक-दोन दिवसांत तयारी करून गाठू. दुसरी सकाळ गेली, तिसरी गेली, सैन्य हाताबाहेर गेले. मग मदीनेच्या रस्त्यांवर फिरताना त्यांना मागे राहिलेल्यांत दिसत ते केवळ ज्यांच्यावर ढोंगीपणाचा संशय होता असे लोक, किंवा दुबळे आणि असमर्थ.

याच मोहिमेच्या वेळी काही गरीब सहाबी स्वारी मागण्यासाठी प्रेषितांकडे (स.) आले होते. देण्यास जनावर नव्हते, तेव्हा ते अश्रू ढाळत परतले. सूरह तौबाच्या ९२ व्या आयतीत त्यांच्या त्या अश्रूंची नोंद आहे. एकीकडे स्वारी नाही म्हणून रडणारे आणि दुसरीकडे दोन उंट दारात बांधलेले असूनही न निघालेले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चालढकल ही बहुधा असमर्थांची व्याधी नसते. ती समर्थाला ग्रासते, कारण 'मी केव्हाही करू शकतो' हा विश्वासच त्याला आज करू देत नाही. ज्याला कुरआन वाचता येत नाही तो शिकण्याची तळमळ धरतो; ज्याला येते त्याचा कुरआन कपाटावर धूळ खातो.

तिसरे उदाहरण अबू खैसमा (रजि.) यांचे. चरित्रग्रंथांत येते की तेही मागे राहिले होते. एका तप्त दिवशी ते बागेत आले. मांडवाखाली पाणी शिंपडलेले, थंड पाणी व भोजन तयार. त्यांच्या मनात आले की अल्लाहचे प्रेषित (स.) उन्हात आणि वाऱ्यात असताना आपण या सावलीत, हा न्याय नव्हे. ते त्या मांडवात शिरलेही नाहीत, उंटावर स्वार होऊन निघाले आणि तबूक येथे प्रेषितांना (स.) जाऊन मिळाले. अबू खैसमा (रजि.) यांनाही उशीर झाला होता, पण ज्या क्षणी जाणीव झाली त्याच क्षणी त्यांनी पाऊल उचलले. सावलीत टेकून 'जेवण करून निघतो' असे ते म्हणाले असते, तर कदाचित निघालेच नसते.

जेथे दुसऱ्याचा हक्क अडकतो

नफिल नमाज लांबणीवर पडली तर आपले नुकसान आपल्यापुरते. परंतु काही चालढकल अशी असते की तिची किंमत दुसरा माणूस मोजतो.

मजुराची मजुरी घाम वाळण्यापूर्वी देण्याची प्रेषितांची (स.) ताकीद सर्वांना पाठ आहे. तरीही कांदा काढणाऱ्या बाईला 'बाजाराच्या दिवशी ये' असे सांगितले जाते. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम असल्याचे बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे. किराणा दुकानाची उधारी असो की मित्राचे हातउसने. हुतात्म्याचे सर्व काही माफ होते, पण कर्ज नाही, असेही मुस्लिमच्या हदीसवरून कळते. ज्याची खरोखर ऐपत नाही, त्याला मुदत द्यावी असे सूरह बकराच्या २८० व्या आयतीत सांगितले आहे. तंगीत असलेल्याचा विलंब आणि गाठीला पैसा असलेल्याचा विलंब एकाच मापाने मोजायचा नाही.

महेरचेही तेच. निकाहाच्या वेळी ठरलेली रक्कम तीस-तीस वर्षे 'बाकी' राहते आणि शेवटी जनाजा दारात असताना रडणाऱ्या विधवेला 'माफ कर' म्हणण्याची गळ घातली जाते. ज्या तोंडाने तिने त्या क्षणी हो म्हणावे, त्याला राजीखुशी कसे म्हणता येईल?

आणि बहिणीचा वाटा! सूरह निसाच्या ११ व्या आयतीत अल्लाहने वारसांचे हिस्से स्वतः ठरवून दिले. पण वडील जाऊन दहा वर्षे होतात, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव असते. वाटप 'पुढच्या उन्हाळ्यात' होणार असते. मग एक भाऊ जातो, त्याची मुले येतात, बहीण जाते, तिची मुले येतात; चार जणांत एका बैठकीत सुटणारा प्रश्न वीस जणांच्या कोर्टकचेरीचा होतो. बहिणीला नाही असे कुणी म्हटलेले नसते. फक्त कुणी दिलेले नसते.

म्हणूनच प्रेषितांनी (स.) शिकविले की ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत. ऊसतोडीला, चालकाच्या नोकरीला किंवा परदेशात निघणाऱ्या प्रत्येक भावाने निदान एका वहीच्या पानावर कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे हे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. या कामाला अर्धा तास लागतो. ते न केल्याने मागे राहिलेल्यांना वर्षे लागतात.

प्रत्येक विलंब दोष नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इस्लामला उतावळेपणा अभिप्रेत नाही. अब्दुल कैस जमातीच्या एका सरदारातील सहनशीलता व सबुरी हे दोन गुण अल्लाहला प्रिय असल्याचे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले होते. विवाह, व्यवसाय, जमीन यांसाठी सल्लामसलत करावी, इस्तिखारा करावा. परंतु सूरह आलि इमरानच्या १५९ व्या आयतीचा क्रम ध्यानात घ्यावा : आधी सल्ला, मग निश्चय, आणि निश्चयानंतर अल्लाहवर भरवसा. निश्चयानंतर पुन्हा सल्ल्याकडे वळणे ही सबुरी नव्हे.

'इन्शाअल्लाह' या पवित्र शब्दाचेही आपण असेच केले आहे. सूरह कहफमध्ये (२३-२४) उद्याचे कोणतेही काम अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याशिवाय बोलू नये असा आदेश आहे, कारण उद्या आपल्या हाती नाही. ज्या शब्दाने उद्याविषयी नम्र व्हावे, तोच शब्द आपण काम टाळताना वापरतो आणि समोरचाही ओळखून असतो की 'इन्शाअल्लाह' म्हणाला, म्हणजे आता होत नाही.

सुरुवात कशी करावी?

प्रेषितांच्या (स.) शिकवणीत या रोगावर उपदेशच नव्हे, उपचारही आहे.

पहिली गोष्ट, काम लहान करून घ्यावे. हदीसमध्ये येते की झोपलेल्या माणसाच्या मानेमागे सैतान तीन गाठी मारतो. जाग येताच अल्लाहचे स्मरण केले की एक सुटते, वुजू केल्यावर दुसरी आणि नमाजने तिसरी. तिन्ही गाठी अंथरुणात पडल्या पडल्या सुटत नाहीत, आणि पहिली सोडायला उभे राहण्याचीही गरज नसते. जिभेची हालचाल पुरते. म्हणून वर्षांची कजा नमाज अंगावर असेल तर आज प्रत्येक नमाजीसोबत एक कजा अदा करा. कुरआन शिकायचा असेल तर आज एक आयत. वाटप करायचे असेल तर आज फक्त बहिणीला फोन करा आणि बसण्याची तारीख ठरवा.

दुसरी गोष्ट, थोडे पण नित्य करावे. अल्लाहला ते कर्म अधिक प्रिय आहे जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत आले आहे. रमजानची वाट पाहून एकदम सर्व सुधारू म्हणणारा शव्वालमध्ये पुन्हा तेथेच असतो.

तिसरी गोष्ट, सकाळ वाया घालवू नये. प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतसाठी सकाळच्या वेळेत बरकत मागितली. ती हदीस सांगणारे सखर गामिदी (रजि.) व्यापारी होते, ते आपला माल दिवसाच्या प्रारंभीच रवाना करीत आणि त्यांच्या संपत्तीत भर पडत गेली. फज्रनंतरचा पहिला तास मोबाईलला न देता सर्वांत जड कामाला द्यावा.

चौथी गोष्ट, तडा दिसला की त्याच दिवशी बुजवावा. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवा. १५९५ च्या अखेरीस मुघल फौजांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. पुढे सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा चाँदबीबी स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात ते खिंडार भरून काढले गेले. दमलेल्या सैनिकांना 'उद्या पाहू' म्हणण्यास भरपूर कारण होते. पण उद्या सकाळी त्या खिंडारातून शत्रू आत आला असता. आपल्या ईमानाच्या तटालाही असेच तडे जातात. पहिल्या दिवशी ते एका रात्रीत बुजतात.

दार अजून उघडे आहे

वाचकहो, कदाचित वाचता वाचता एखादे नाव, एखादी रक्कम, एखादी राहून गेलेली नमाज आपल्या मनात आली असेल. निराश होऊ नका. कअब (रजि.) यांनी प्रेषितांसमोर (स.) सबब सांगितली नाही, आपल्याजवळ कोणतेही कारण नव्हते हे स्पष्ट कबूल केले. पन्नास रात्रींच्या बहिष्काराच्या यातना सोसल्यावर अल्लाहने त्यांची तौबा स्वीकारली आणि सूरह तौबात (११८) त्याची वार्ता दिली. उशीर झालेल्यासाठीही मार्ग आहे, पण तो सबबींतून जात नाही.

सूरह मुनाफिकूनच्या अखेरीस अशा माणसाचे चित्र आहे, जो मृत्यू समोर पाहून थोडीशी मुदत मागतो, म्हणजे दानधर्म करता येईल. त्याला मुदत मिळत नाही. तो माणूस जी मुदत मागत होता, ती या क्षणी आपल्या हातात आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर तेही लावावे, अशी ज्यांची शिकवण, त्या प्रेषितांच्या (स.) अनुयायांनी आजचे रोप उद्यावर का टाकावे? पुढच्या अजानपूर्वी त्या एका कामाचा पहिला भाग उरका.

अल्लाह आपणा सर्वांना असमर्थता व आळस यांपासून आपल्या आश्रयात ठेवो, ज्यांचे हक्क आपल्याकडे अडकले आहेत ते जिवंतपणीच परत करण्याची सन्मती देवो आणि आपल्या उरलेल्या दिवसांत बरकत देवो. आमीन.