खूणगाठ आणि कर्तव्याचे स्मरण

गृहस्थाश्रम हा असंख्य लहानसहान कर्तव्यांचा आश्रम होय. संन्याशाला उद्याच्या पिठामिठाची चिंता नसते. गृहस्थाला ती रोज असते. डब्यात तूरडाळ किती उरली, विजेचे बिल कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचे, वृद्ध पित्याची औषधे केव्हा संपतील, श्राद्धतिथी कधी येते, ही सारी आठवण घरातील कोणीतरी मनात वागवीत असते, म्हणून घर चालते. अलीकडे पुष्कळ घरांतून हे काम स्मार्टफोनकडे गेले आहे. ‘गूगल कीप’, ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’, ॲपलचे ‘रिमाइंडर्स’ यांसारखी ॲप्स वाणसामानाची यादी जपतात, ठरलेल्या वेळी घंटा देतात आणि एकच यादी पती व पत्नी दोघांच्याही फोनवर दाखवितात. सोय मोठी आहे, यात संशय नाही. विचारणीय प्रश्न एवढाच की, आठवण यंत्राकडे सोपविली असता तिच्याबरोबर कर्तव्याचा किती भाग सोपविला जातो आणि किती आपल्याकडे उरतो?

स्मरणासाठी बाह्य साधन घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या आज्या पदराला गाठ मारीत. तिलाच आपण खूणगाठ म्हणतो. न्यायशास्त्राने या विषयाचा बारकाईने विचार केलेला आहे. अनुभवाचा संस्कार आत्म्यावर राहतो आणि तो जागा झाला म्हणजे स्मृती उत्पन्न होते, असा त्या शास्त्राचा सिद्धांत आहे. संस्कार जागा करणारी निमित्ते गौतमांनी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात सांगितली असून ती पंचविसांहून अधिक आहेत. चित्ताची एकाग्रता हे एक निमित्त, अभ्यास हे दुसरे, लिंग म्हणजे खूण हे आणखी एक. आणि त्याच मालिकेत भय, राग म्हणजे अनुराग, तसेच धर्म यांचीही गणना आहे. धूर दिसताच अग्नी आठवतो ते खुणेमुळे. परगावी शिकणारा मुलगा ताटावर बसताना आईला आठवतो तो अनुरागामुळे.

आता पाहा, पदराची गाठ आणि फोनची घंटा या दोन्ही खुणाच आहेत. पण त्यांत एक भेद आहे. गाठ केवळ ‘आठव’ एवढेच सुचविते. काय आठवावयाचे ते मनालाच शोधावे लागते. फोन मात्र खूणही देतो आणि खुणेचा अर्थही सांगतो, त्यामुळे मनाला काही करावयाचे उरत नाही. यंत्र खुणेचे काम उत्तम करील. परंतु चित्ताची एकाग्रता, अनुराग आणि धर्मबुद्धी ही निमित्ते त्याला पुरविता येणार नाहीत. तेवढी तरी ज्याची त्यानेच आणावी लागतात.

येथे कोणी म्हणेल, ‘लेखनाविरुद्धही हाच आक्षेप घेता आला असता. वेद मुखोद्गत करणाऱ्यांनीसुद्धा तिथी पाहण्यासाठी पंचांग उघडलेच ना?’ आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच यादी लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. जिनसांची नावे डोक्यात साठविण्यात काही पुण्य नाही. ज्यांची स्मरणशक्ती वार्धक्याने क्षीण झाली आहे त्यांना औषधाची वेळ सांगणारी घंटा म्हणजे मोठाच आधार. प्रश्न यादीचा नसून यादी पूर्ण झाली म्हणजे कर्तव्य पूर्ण झाले, या समजुतीचा आहे.

गीतेचा पहिला अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहिल्यावर अर्जुनाला कोण कोण दिसले? पितृतुल्य वडीलधारे, पितामह, आचार्य, मामा, बंधू, पुत्र, पौत्र, सासरे, मित्र. एकही नाते तो विसरला नाही. त्याची यादी संपूर्ण होती, तरीही त्याच्या हातून धनुष्य गळले. कारण या सर्वांच्या संदर्भात आपले कर्तव्य कोणते याचीच स्मृती मोहाने झाकली गेली होती. अठराव्या अध्यायाच्या शेवटी भगवंतांनी त्याला विचारले की, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? तेव्हा मोह नष्ट झाला व स्मृती परत मिळाली, असे अर्जुनाने उत्तर दिले. वस्तूंची आठवण आणि कर्तव्याची आठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हा भेद घरात कसा दिसतो ते पाहू. पूर्वी घराची सारी आठवण बहुधा गृहिणीच्या मनावर असे आणि ते ओझे कोणाला दिसतही नसे. सामाईक यादीमुळे ते दिसू लागले, वाटून घेता येऊ लागले, हा तिचा खरा गुण होय. परंतु त्यातूनच एक नवी सबब जन्माला आली आहे : ‘यादीत नव्हते.’ तेल संपलेले डोळ्यांना दिसत होते, पण यादीत नव्हते. आईचा आवाज दोन दिवस खोल गेलेला होता, पण यादीत फक्त गोळी होती. गोळी दिली आणि खूण केली. अशा वेळी एक जण पाहतो, आठवतो, लिहितो. दुसरा केवळ आज्ञा पाळतो. वाटणी झालेली असते ती हातापायांच्या श्रमांची. लक्ष ठेवण्याचा भार पूर्वीच्याच खांद्यावर राहतो. बर्लिनमध्ये तयार झालेले ‘वंडरलिस्ट’ हे असेच लोकप्रिय ॲप २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी ते बंद झाले. त्यातील याद्या दुसऱ्या ॲपमध्ये नेता आल्या. घरावर लक्ष ठेवणारी व्यक्ती आजारी पडली, तर तिची दृष्टी मात्र अशी एका माणसातून दुसऱ्यात नेता येत नाही. ती प्रत्येकाने आपल्या ठायी निर्माण करावी लागते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. काम झाल्यावर चौकोनात खूण केली की मनाला एक गोडी वाटते. ही गोडी म्हणजे कर्मफलाचेच एक चिमुकले रूप होय. कित्येक जण आधीच झालेले काम यादीत लिहून त्यावर खूण करतात, ते कशासाठी? नेमलेले कर्म केवळ कर्तव्य म्हणून करावे व आसक्ती आणि फल सोडावे, हा गीतेने सात्त्विक त्याग सांगितला आहे. उलट, अवघड काम एका स्पर्शाने उद्यावर ढकलण्याची सोयही त्याच फोनमध्ये आहे. तामस कर्त्याच्या लक्षणांत भगवंतांनी ‘दीर्घसूत्री’ हा शब्द घातला आहे. भावाशी समेट करण्याचे काम महिनाभर रोज उद्यावर जात असेल, तर यादी नीटनेटकी असूनही तिचा मालक दीर्घसूत्रीच ठरतो.

मग गृहस्थाने काय करावे? यादी खुशाल ठेवावी. मात्र घंटा होण्यापूर्वी, दिवसातून एकदा तरी, फोन बाजूला ठेवून घरातील प्रत्येक माणसाकडे आपणहून पाहावे व याला आज काय हवे आहे असा विचार करावा. यादीत भर घालण्याचे काम एकट्या गृहिणीचे नव्हे, ते सर्वांचे असावे. आणि यादी केवळ आपल्या पोटापुरती नसावी. पंचमहायज्ञांत अतिथीचा आणि मुक्या जीवांचाही वाटा आहे. जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पापच खातो, असे गीता बजावते. महिन्याच्या सामानात त्यांच्यासाठी एक ओळ असली, तर वाण्याची यादीही यज्ञाचे अंग होईल.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांना सांगतात की, आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, अंतःकरण शुद्ध झाल्याने स्मृती स्थिर होते आणि स्मृती लाभली म्हणजे हृदयाच्या सर्व गाठी सुटतात. रामानुजाचार्यांच्या परंपरेत येथे आहार म्हणजे अन्न. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांनी आपण जे जे आत घेतो ते सर्व. दोन्ही अर्थ घेतले तरी गृहस्थाला उपयोगीच आहेत. पदराची गाठ किंवा फोनची घंटा आपल्याला बाजारापर्यंत नेईल. हृदयाच्या गाठी सोडविणारी स्मृती मात्र आपण कोणासाठी व का जगतो याची आहे. तिचे जतन ज्याचे त्यानेच करावयाचे असते.