नंबर कशाला हवा?

औषधाच्या दुकानात बिल करताना म्हणतात, ‘मोबाइल नंबर सांगा.’ कपड्यांच्या दुकानात विचारतात, चपलांच्या, चष्म्याच्या दुकानातही विचारतात. आपण दहा आकडे सांगून मोकळे होतो. मागे रांग असते, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली असते, आणि एवढ्याशा गोष्टीवरून वाद कशाला घालायचा, असंही वाटतं. कुणी विचारलंच, ‘नंबर कशाला हवा?’, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही, काका.’ बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो. त्याच्यासमोरच्या पडद्यावरची ती चौकट रिकामी ठेवली तर बिल निघत नाही. ती चौकट तशीच असावी असं ज्याने ठरवलं, तो माणूस त्या दुकानात नसतो आणि आपली त्याची कधी गाठही पडणार नसते.

आज सकाळी थोडा विचार या दहा आकड्यांचा करू या.

एकाच नावाआडनावाची किती तरी माणसं एका शहरात सापडतात. ईमेल आज काढला, उद्या सोडून दिला, असं करता येतं. मोबाइल नंबर मात्र आपण वर्षानुवर्षं जपतो. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवतो, कारण तो बँकेत दिलेला असतो, गॅसच्या बुकिंगला, मुलांच्या शाळेत दिलेला असतो, आधारला आणि यूपीआयला जोडलेला असतो. म्हणूनच ठिकठिकाणी पडलेल्या आपल्या नोंदी एकत्र गोळा करायच्या तर नंबराइतकं सोयीचं दुसरं काही नाही. चपलांच्या दुकानातल्या नोंदीवरून फार तर पायाचं माप कळेल. पण औषधाच्या दुकानात त्याच नंबराखाली दर महिन्याला मेटफॉर्मिनच्या गोळ्या लिहिल्या जातात, तेव्हा घरात कुणाला तरी बहुधा मधुमेह आहे, ही गोष्ट कुणीही न सांगता दुकानाच्या वहीत येते. ती वही आता कागदाची नसते. ती कुठे ठेवली आहे, कोण वाचतं, किती वर्षं राहणार, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नसतं.

त्याचा त्रास मात्र रोज जाणवतो. बारावीचा निकाल लागतो न लागतो तोच अनोळखी कॉलेजांचे फोन सुरू होतात. त्यांना मुलाचं नाव माहीत असतं, शाखाही माहीत असते. एखाद्या गृहप्रकल्पाची नुसती चौकशी केली तर पुढचे कित्येक महिने शहराच्या चारही दिशांचे बिल्डर आपली विचारपूस करतात. दवाखान्यात रांगेत बसलेलं असताना ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’ असा फोन येतो, आणि समोरची मुलगी आपल्याला नावाने हाक मारते. त्या वेळी मन चिडतं ते वेळ गेला म्हणून नाही. हिला माझं नाव कुणी दिलं, हा प्रश्न छळतो, आणि त्याचं उत्तर द्यायला जगात कुणीच बांधील नाही असं वाटत राहतं.

विकत घेतलेल्या वस्तूही आता अशाच वागू लागल्या आहेत. नवा टीव्ही घरी येतो. पैसे आपण मोजलेले असतात, तरी तो सुरू करायच्या आधी खातं उघडा, अटी मान्य करा, असं तोच आपल्याला सांगतो. ‘मान्य आहे’ हे बटण मोठं, ठळक, रंगीत असतं. ‘नको’ कुठे तरी खाली, फिकट अक्षरात असतं किंवा नसतंच. सदस्यत्व घ्यायला एक टिचकी पुरते, सोडायला पाच पडदे ओलांडावे लागतात. ही चुकून राहिलेली गैरसोय नाही, ग्राहकाने कंटाळून ‘हो’ म्हणावं म्हणून मुद्दाम केलेली रचना आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत तेरा प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता खरेदीत विमा किंवा देणगी घुसडणं, ‘थोडेच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यं लिहिणं, सदस्यत्वात अडकवून ठेवणं, हे सगळं त्या यादीत आहे. आपल्याला जी चिडचिड होत होती, ती आपल्या अडाणीपणाची नव्हती, एवढं तरी त्या यादीने स्पष्ट केलं.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘आपल्यासारख्या साध्या माणसांकडे लपवण्यासारखं काय आहे? घेऊ देत माहिती.’ सज्जन माणसंच असं म्हणतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आपल्याकडे घरात दिवस राहिले की तिसरा महिना सरेपर्यंत ते चारचौघांत बोलत नाहीत. त्यात लपवण्यासारखं, लाज वाटण्यासारखं काहीच नसतं. उलट आनंदाचीच गोष्ट असते. पण ती आधी आईला सांगायची, मग सासूबाईंना, मग जवळच्या मैत्रिणीला, आणि शेजारच्या काकूंना कधी सांगायची हे त्या मुलीने ठरवायचं, अशी ती रीत. कुणाला, कधी आणि किती सांगायचं हे ज्याची गोष्ट त्याने ठरवावं, यालाच आपण माणसाचा मान राखणं म्हणतो. आता हीच गोष्ट फोनमधलं एखादं ॲप आईच्याही आधी ओळखतं. पाळीच्या आणि गरोदरपणाच्या नोंदी ठेवणारं ‘फ्लो’ नावाचं ॲप जगभर कोट्यवधी बायकांनी घेतलं होतं. माहिती खासगी राहील, असं आश्वासन देऊनही ते वापरणाऱ्या स्त्रियांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलच्या विश्लेषण सेवांसारख्या बाहेरच्या कंपन्यांपर्यंत पोचवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर केला, आणि २०२१ साली कंपनीला आयोगाशी तडजोड करावी लागली. त्या बायकांकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी विश्वासाने एका जागी लिहिलेली गोष्ट त्यांना न विचारता दुसरीकडे गेली, एवढाच त्यातला अन्याय, आणि तो पुरेसा आहे.

या देशात खासगीपणाचा हा अधिकार कागदावर यायला फार वेळ लागला. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद उघडी ठेवली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई यायचे, दार ठोठावायचे, त्याला झोपेतून उठवायचे. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या त्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा घटनेने हमी दिलेला हक्क नाही, असंही बहुमताने म्हटलं. ते वाक्य पुसलं गेलं २४ ऑगस्ट २०१७ रोजी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मराठी घरांतले धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे हे दोघेही त्या पीठावर होते. पुट्टस्वामींनी ही याचिका केली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. या वयात माणसाने आपल्या हक्कासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं, ही आठवण ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

त्या निकालामागून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात संमतीबद्दल जे म्हटलं आहे, ते प्रत्येक ग्राहकाला माहीत हवं. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते कळून दिलेली हवी, आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. डॉक्टरांचा सल्ला देणारं एक ॲप एक बाई घेते. ॲप तिच्याकडे उपचारांसाठी माहिती मागतं आणि जोडीला तिच्या फोनमधल्या सगळ्या संपर्कांची यादीही मागतं. बाई दोन्हींना ‘हो’ म्हणते. तरीही कायदा म्हणतो, की तिची संमती उपचारांपुरतीच धरली जाईल, कारण तपासायला ओळखीच्या लोकांचे नंबर लागत नाहीत. कायद्यात आणखीही दोन गोष्टी आहेत. ही विचारणा मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ग्राहकाच्या कामाच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यातून सरकारला दिलेल्या सवलतींवर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. तरीही हा पाया मोलाचा आहे.

दुकानातल्या नंबरापुरतं तर थांबायचीही गरज नाही. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं, की बिलासाठी मोबाइल नंबराची सक्ती करू नये. नंबराशिवाय बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.

पण सगळा दोष कंपन्यांवर आणि सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या सोसायटीच्या फाटकावरची वही पाहा. येणाऱ्याने नाव, नंबर, कुणाकडे जायचंय, किती वाजता आलो, हे सगळं लिहायचं. पेन दोरीने बांधलेलं असतं आणि पान उघडं असतं. आपण आपली ओळ लिहितो तेव्हा वरच्या ओळी सहज वाचता येतात. चौथ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बाईंकडे काल कोण आलं होतं, त्यांचा नंबर काय, किती वाजता आले, हे पार्सल द्यायला आलेल्या कुणालाही कळतं. वही भरली की ती कपाटात पडते किंवा रद्दीत जाते. झेरॉक्सच्या दुकानातही तेच. घाईत आपण दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान पाठवतो, दोन प्रती घेतो आणि निघतो. कागद आपल्या हातात येतो, फाइल तिथल्या संगणकावर राहते. ज्ञातीच्या, शाळेच्या, सहलीच्या ग्रुपवर सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पत्ते असलेली यादी आपणच पुढे पाठवतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दुसऱ्याची माहिती आपल्या हातात आली की ती सांभाळण्याची जबाबदारीही आली, ही सवय मात्र अजून आपल्याला लागलेली नाही.

म्हणून आजच्या दिवसापुरती काही साधी कामं ठरवू या. दुकानात नंबर मागितला की शांतपणे म्हणायचं, ‘नंबर द्यायचा नाही, कागदाचं बिल द्या.’ त्या मुलावर आवाज चढवायचा नाही. त्याला वरून सांगितलेलं आहे. अडवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. हॉटेलात किंवा कार्यालयात आधार मागितलं, तर आधीचे आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ चालेल का, हे विचारायचं. ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठलं ॲप माइक, संपर्क आणि ठिकाण वापरतंय ते बघायचं आणि टॉर्चच्या ॲपला संपर्कांची परवानगी असेल तर ती काढायची. झेरॉक्सवाल्याला ‘दादा, फाइल पुसून टाका’ असं सांगायचं आणि पुसेपर्यंत तिथेच थांबायचं. आणि आपण सोसायटीच्या कमिटीवर, शाळेच्या कार्यालयात किंवा स्वतःच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे बसत असू, तर मागायच्या माहितीची यादी एकदा तपासायची. जे लागत नाही ते मागायचं नाही, आणि जे मागितलं ते काम संपल्यावर ठेवायचं नाही.

‘नको’ म्हणायला मोकळीक असते, तेव्हाच आपल्या ‘हो’ला किंमत असते. ही मोकळीक कायद्याने दिली आहे, न्यायालयाने मान्य केली आहे. ती वापरली नाही तर ती पुस्तकातच राहील. रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांपैकी एकाने ‘नंबर कशाला हवा?’ असं नम्रपणे विचारलं, तर मागच्या नऊ जणांना कळतं की हा प्रश्न विचारता येतो. असे प्रश्न रोज, प्रत्येक काउंटरवर येऊ लागले, की पडद्यावरची ती चौकट रिकामी ठेवायची सोय करणं भागच पडेल. आज तो प्रश्न विचारणारा पहिला माणूस आपण होऊ या.